कोंदणाखालचं साल

ग्योतोकु,
सप्टेंबर १९९३

प्रिय आक्का,

तुला इथूनच वाकून नमस्कार. परवा चंद्रहासदादाचा फोन आला होता. म्हणाला, पोस्टमन गेला की आक्का रोज विचारते, विभाचं काही आलं का, आणि नाही म्हटलं की म्हणते, परदेशात गेल्यावर पोरीचे हात गळून पडले वाटतं. हात जागच्या जागी आहेत गं. मे महिन्यात तू माझ्या ओंजळीत जे ठेवलंस त्याचं उत्तर मिळेपर्यंत पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि उत्तर मिळाल्यावर लिहायचा धीर होईना. आज शिरीष सौमित्रला घेऊन पोहायला गेलाय, घर रिकामं आहे, म्हणून बसलेय. लाल पेन्सिल घेऊन वाचायला बसली असशील तर ती आधी खाली ठेव. चाळिशी उलटलेल्या बाईच्या वेलांट्या आता काही सुधारायच्या नाहीत.

आम्ही सगळे बरे आहोत. यंदा इथे उन्हाळा असा झालाच नाही. जुलैतही अंगावर स्वेटर, नुसता पाऊस, आणि भाताचं पीक गेलं म्हणून जो तो हवालदिल. शेजारच्या आजी तर तांदळाचा विषय निघाला की डोळे पुसतात. सौमित्रशी मी मराठीत बोलते, तो जपानीत उत्तर देतो आणि फारच रागावला तर इंग्रजीत. मराठी त्याने जेवण मागण्यापुरती ठेवलीय. गेल्या महिन्यात मी चुकून बुधवारी, बाटल्यांचा वार नसताना, कचऱ्यात बाटल्या टाकल्या, तर त्याच आजींनी पिशवी परत आणून माझ्या दारात ठेवली, वर छोटी चिठ्ठी आणि दोन पीच. म्हणजे रागवायचं पण लाजवून. तुला हा देश फार आवडला असता. तुझ्या शाळेत मुलींना चपला ओळीत लावायला लावायचीस ना, इथे आख्खा देश लावतो.

आता कामाचं. तू सोपवलेलं काम एका ओळीचं होतं. चिपळूणच्या घरात मला देवाऱ्यापाशी बोलावलंस, टाकांच्या ओळीतून तो शेवटचा सोन्याचा टाक उचललास, रेशमी चिंधीत गुंडाळून माझ्या हातावर ठेवलास आणि म्हणालीस, तू असल्याच नाण्यांच्या दुकानात बसतेस ना, मग यावर साल कोणतं आहे तेवढं बघून कळव. मी म्हटलं, आक्का, साल चांदीच्या कोंदणाखाली असणार, ते काढावं लागेल. काढ म्हणालीस. किंमत विचारून येऊ का म्हटलं तर चिडलीस. किंमत नको, साल. मी बाकी काही विचारलं नाही, पण मला समजलं होतं. विश्वनाथआजोबांची बोट बुडाली १९१२ साली. नाणं त्याआधीचं निघालं तर घरात सांगतात तेच खरं, ते त्यांच्या सामानातून आलं. आणि नंतरचं निघालं तर? ते वाक्य तूही पुरं केलं नाहीस आणि मीही नाही.

दुकानाबद्दल तुला मी कधी धड सांगितलेलं नाही. जिम्बोचो म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा भाग आहे, तिथे एका अरुंद इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मुरासे-सान, म्हणजे आपल्याकडचे मुरासेसाहेब, बसतात. वय सत्तरच्या आसपास, अंगाने काडी, बोलणं त्याहून कमी. अमेरिकेतून येणारी लिलावांची कॅटलॉग आणि पत्रं वाचून त्यांना सांगायची, उत्तरं लिहायची, ही माझी अरुबाइतो. काही तासांच्या नोकरीला इथे असं म्हणतात. चार वर्षांपूर्वी लोक त्यांच्याकडे नाणी घ्यायला रांगा लावत होते म्हणे, आता तेच लोक मान खाली घालून विकायला येतात. ते दोघांनाही सारखंच वाकून नमस्कार करतात आणि सारखाच चहा देतात.

ही नाणी म्हणजे ह्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिकेची सोन्याची नाणी. तिथल्या एका अध्यक्षाला वाटलं, आपली नाणी अगदीच बेंगरूळ आहेत, जुन्या ग्रीकांच्या नाण्यांसारखी देखणी का नसावीत? मग त्याने शिल्पकारांना कामाला लावलं. वीस डॉलरचं नाणं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरंच आ वासून उभी राहिले. एक बाई सरळ आपल्याकडे चालत येतेय, हातात मशाल, केस आणि वस्त्र वाऱ्यावर, मागे सूर्याचे किरण, आणि हे सगळं एका सुपारीच्या खांडाएवढ्या जाडीत! पुढे १९३३ साली तिथल्या सरकारने लोकांकडचं सोनं परत मागवलं आणि पेट्याच्या पेट्या नाणी वितळवून त्यांच्या विटा केल्या. आज जी उरली आहेत त्यांतली पुष्कळशी त्याआधी देश सोडून बाहेर गेलेली, कुठल्या कुठल्या परदेशी बँकांच्या तळघरांत पडून राहिलेली. मुरासे-सान हे सांगत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपला देवारा आला होता.

आणि त्यांचं ते पाहणं! आक्का, माणूस एखाद्या वस्तूकडे इतकं पाहू शकतो हे मला माहीतच नव्हतं. खोलीतले बाकीचे दिवे बंद, एकच साधा बल्ब, खाली मखमल. नाणं फक्त कडेला धरायचं, तोंडावर बोट लावायचं नाही. त्यावर वाकून बोलायचंही नाही, थुंकीचा कण उडाला तर पुढे डाग पडतो. मग ते हळूच कलतं करायचं. नाणं कधीच वापरलेलं नसेल तर उजेडाचा एक पट्टा त्यावरून गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा गरगर फिरत जातो. जिथे तो अडखळतो तिथे कुणाचं तरी बोट लागलेलं, खिशात घासलेलं, दुसरं नाणं आदळलेलं. त्यावरून एक ते सत्तर असा आकडा ठरतो. साठच्या वर म्हणजे बाजार न पाहिलेलं. चौसष्ट आणि पासष्ट यांत मला अजूनही काही फरक दिसत नाही, त्यांना दारातून दिसतो. एकदा मी विचारलं, ओळखीचं गिऱ्हाईक असलं तर एखादा आकडा वाढवावासा वाटत नाही का? ते म्हणाले, मी नाणं बघतो, माणूस माझी बायको बघते. त्यांची बायको आत बसून हिशेब आणि चहा दोन्ही सांभाळते.

ह्या धंद्यात एकच गोष्ट महापाप समजतात, ती म्हणजे नाणं घासणं. घासून चकचकीत केलेल्या नाण्याला आकडाच मिळत नाही, जातिबाहेर. आता सांग, अशा माणसापुढे आपला टाक कसा ठेवू? दसऱ्याला देव उजळायला बसलो की तू चिंच, रांगोळी, राखुंडी घेऊन त्याला कसा रगडायचीस ते मी लहानपणापासून पाहिलेलं, आणि तुला दमल्यासारखं झालं की उरलेला मीच रगडलेला. जून गेला, जुलै निम्मा गेला, मी तो पर्समध्ये घेऊन हिंडत होते. शेवटी एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ठेवला त्यांच्यापुढे. त्यांनी कशाने धुतलंय म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. कुणी गेल्याची बातमी ऐकल्यावर आपण घेतो ना, तसे.

पण मग त्यांनी भिंग लावलं आणि ते वर उचलेचनात. दुसऱ्या नाण्यांना दोन मिनिटं देणारा माणूस, चहा निवला तरी हलला नाही. आपलं ते पाच डॉलरचं नाणं आहे. बाकी सगळ्या नाण्यांवर चित्र वर उठलेलं असतं, ह्यावर ते पृष्ठभागाच्या आत खोल उतरवलेलं असतं. त्यामुळे झालंय काय, की इतक्या वर्षांच्या हातांनी आजूबाजूचं सपाट सोनं झिजून उंबरठ्यासारखं गुळगुळीत झालं, गालाचं हाड थोडं पुसलं, पण खोलगट भागात गंध साचत गेलं आणि त्याखाली डोक्यावरचं प्रत्येक पीस जसंच्या तसं राहिलं. त्यांनी मला दाखवलं. पिसांचे बारीक दातेसुद्धा मोजता येतात. मग विचारलं, हे लाल आणि पिवळं काय आहे? अमेरिकेच्या मातीत असा रंग नाही.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तुझ्यापुढे ते पुन्हा लिहिणं म्हणजे आजीला आजोळच्या गोष्टी सांगणं, पण आयुष्यात पहिल्यांदाच मी ती गोष्ट सलग बोलले, म्हणून तशीच उतरवते. आमच्या आजोबांचे थोरले भाऊ विश्वनाथ, वय वीस, १९११ साली काड्यापेट्यांचा कारखाना शिकायला जपानला आले. वर्षभराने पुढचं शिकायला अमेरिकेला जातो म्हणून कळवलं, योकोहामाहून निघालेली बोट बुडाली आणि घरी तसं पत्र आलं. त्यांची बायको तेव्हा नऊ वर्षांची. नाव कुमुदिनी. तिला नवरा नीट आठवतसुद्धा नव्हता. ती अकरा वर्षांची झाल्यावर घरी न्हावी बोलावला आणि तिला लाल आलवणात बसवलं. पुढच्या वर्षी मुंबईहून कुणी ओळखीचा माणूस एक पुडकं घेऊन आला, आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही, एक सोन्याचं नाणं. सासरे म्हणाले, त्याच्या सामानातलं असणार, आता पाठवलं. सासूबाईंनी नाण्यावरचं तोंड पाहिलं आणि त्या मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, माझा विशू. तिकडे त्याचं चित्र काढून नाणं पाडलंय, डोक्याला तुरा लावलाय, पण नाक बघा, नाक आपल्या घरचंच.

इथे मुरासे-सान हसले. नाण्यावरचा माणूस अमेरिकेतला मूळ रहिवासी, पिसांचा टोप घातलेला कुणी म्हातारा योद्धा आहे, आणि आपण ऐंशी वर्षं त्याला विश्वनाथआजोबा म्हणून रोज आंघोळ घालतोय. मीही हसले, आणि मग रडू आलं. कारण लहानपणी तू आम्हा भावंडांना ओळीत उभं करून आमची नाकं त्या नाण्याशी लावून बघायचीस, आणि चंद्रहासदादाचं जुळलं म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते. निपुत्रिक गेलेल्या माणसाचा टाक करून देवाऱ्यात ठेवतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते उठले, आत जाऊन हात धुऊन आले, मखमल बाजूला केली आणि कोरा पांढरा कागद अंथरून त्यावर नाणं ठेवलं. म्हणाले, हे इहाइ आहे. इथे घरोघरी देवाऱ्यासारखं एक कपाट असतं, त्यात गेलेल्या माणसाच्या नावाची लाकडी पाटी ठेवतात, ती इहाइ. म्हणाले, कुणाच्या इहाइला आकडा देण्याचं काम मला अजून सांगितलेलं नाही. मी म्हटलं, आकडा नको, आमच्या आजीला फक्त साल हवंय. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, मग ओबोन होऊन जाऊ द्या. ओबोन म्हणजे इथला पितृपक्ष, त्या दिवसांत पूर्वज घरी येतात. घरी आलेल्या माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं.

ऑगस्ट संपताना त्यांनी असाकुसाहून आपल्या ओळखीचे एक चांदीकाम करणारे कारागीर बोलावले. कोंदणाची कड नाण्यावर दुमडून दाबलेली होती, ती त्यांनी सुईसारख्या अवजाराने एकेक तीळ उचलत नेली. मी खुर्चीच्या काठावर. आणि कोंदण सुटून निघालं तेव्हा, आक्का, काय दिसलं ते मला लिहिता आलं पाहिजे. नाण्याच्या कडेने एक गोल वळं होतं, कोंदणाखाली झाकलेलं, आणि ते टांकसाळीतून आत्ता बाहेर पडल्यासारखं होतं. मध्ये आपल्या घरच्या बायकांच्या बोटांनी झिजलेलं, मऊ, जरासं तांबूस सोनं, आणि भोवती हे कोवळं सोनं. मुरासे-सानांनी नाणं कलतं केलं आणि तो उजेडाचा पट्टा त्या वळ्यावरून धावला, मधे विझला, पलीकडे परत पेटला. त्यांनी बायकोला हाक मारली. ती पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. एकाच नाण्यावर ऐंशी वर्षं आणि शून्य वर्षं शेजारी शेजारी. चाळीस वर्षांत असं पाहिलं नाही, म्हणाले. बाहेरचं वळं सहासष्ट, ते न राहवून पुटपुटले, आणि मग त्यांनी मला असं काही विचारलं की मी गोंधळलेच. हात लावू का? ज्या माणसाने मला पहिल्या दिवशी नाण्यावर श्वास सोडला म्हणून दटावलं होतं, त्याने उघड्या अंगठ्याने तो झिजलेला गाल एकदा हलकेच पुसला, तू गंध लावताना पुसतेस तसाच.

साल त्यांनी वाचलं नाही. नाणं फिरवून माझ्याकडे केलं. तुमच्या घरचं आहे, तुम्ही वाचा.

मी वाचलं. आणि घरी येऊन शिरीषला सांगितलं. तो बँकेतला माणूस, शांतपणे म्हणाला, १९११ लिहून टाक. ही नाणी १९०८ पासून पडत होती असं तूच सांगितलंस ना, मग १९११ कुठे अशक्य आहे? ती नव्वद वर्षांची आहे विभा, तिच्या मामंजींना देव मानते, आता तिचा देव काढून घेऊन तू काय मिळवणार? मी चिडले, पण तो दुष्टपणाने बोलत नव्हता गं, तुझ्यावर मायाच आहे त्याची. आणि खरं सांगू, मलाही ते सोयीचं वाटलं. दोनदा कागद घेऊन बसले, दोन्हीदा १९११ लिहिलं आणि दोन्हीदा फाडलं. मुरासे-सानांच्या दुकानात इतके महिने बसल्यावर आकडा वाढवायला किंवा कमी करायला हात धजेना. शिवाय तू मला दिलासा मागितला नव्हतास, साल मागितलं होतंस.

साल १९१४ आहे, आक्का. मागच्या बाजूला एक बारीक अक्षर आहे, त्याचा अर्थ ते सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पडलंय. म्हणजे बोट बुडाली असेल, पण ते तिच्यात नव्हते, किंवा होते आणि वाचले. ज्या वर्षी तुझ्यासाठी न्हावी बोलावला, त्या वर्षी तो माणूस कॅलिफोर्नियात कुठेतरी चालत-बोलत होता, आणि पहिली कमाई असेल कदाचित, ती घरी पाठवत होता. सोबत पत्र नसेल? मुलगा एवढ्या लांबून नाणं पाठवील आणि दोन ओळी लिहिणार नाही, हे मला पटत नाही. पण ते पत्र कुणी वाचलं आणि कुठे गेलं ते आता कुणाला विचारणार? एवढं मात्र खरं की त्या घरात इंग्रजी येणारा एकच माणूस होता, आणि तो कोर्टात रोज इंग्रजी कागद वाचायचा. कोंदण करायला सोनारही मामंजींनीच बोलावला. असाकुसाच्या कारागिराने सांगितलं, एवढ्याशा नाण्याला इतकी रुंद कड लागत नाही. ती मुद्दाम रुंद केलेली आहे, आणि खाली, सालापाशी, सगळ्यांत रुंद.

नाणं आलं त्याच वर्षीच्या जूनमध्ये मामंजी तुला बैलगाडीत घालून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला आणि तिथून आगगाडीने पुण्याला विधवांच्या शाळेत घेऊन गेले. गावाने वाळीत टाकलं, सासूबाईंनी अन्न सोडलं, तरी ते हटले नाहीत. ही गोष्ट आमच्या घरात रामायणासारखी सांगतात. तू शिकलीस म्हणून आई शिकली, आत्या शिकली, मी शिकले, आणि आज मी टोकियोत बसून अमेरिकनांची पत्रं वाचते, ती सगळी त्या बैलगाडीची पुण्याई. तुझ्या शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत तू त्यांचा फोटो लावलास. आणि आता मला कळतंय की ती गाडी का निघाली. मी फार रागावले, आक्का, अजून रागावलेली आहे. केस पुन्हा वाढतात ना गं! एकदा मोठ्याने म्हणायचं होतं फक्त, तो जिवंत आहे. ते म्हणायची लाज वाटली आणि त्याऐवजी शाळा दिली. त्याला पाप म्हणायचं की प्रायश्चित्त, मला काही ठरवता येत नाही, आणि माझं सगळं आयुष्य त्याच्यावर उभं आहे म्हणून तर मुळीच नाही.

हे सगळं असंच पोटात ठेवून मी गप्प बसले असते. पण परवा गुरुवारी मुरासे-सानांनी ते रिकामं कोंदण स्वच्छ करून माझ्यापुढे ठेवलं आणि भिंग दिलं. सालाच्या बरोबर खाली, चांदीच्या कडेत दोन बारीक खड्डे आहेत, शेजारी शेजारी. कोंदण आधी एकदा कुणीतरी तिथेच टोक घालून उचललं होतं आणि जपून दाबून परत बसवलं होतं. खड्ड्यांतली चांदी बाकीच्या चांदीइतकीच काळवंडलेली, म्हणजे त्यालाही पन्नासेक वर्षं झाली असावीत, ते म्हणाले. दोन टोकं, दोन्ही सारखी, पोलादाची. भूमितीच्या पेटीतल्या कर्कटकाची, आणि आपल्या घरात भूमिती शिकवणारं एकच माणूस होतं. तू वाचलं होतंस ते साल. मी जन्मायच्या आधीच वाचलं होतंस. आणि वाचूनही मामंजींचं एकही श्राद्ध चुकवलं नाहीस, त्यांचा फोटो काढला नाहीस, सासूबाईंना शेवटपर्यंत आपल्या हाताने भरवलंस, कपाळ तसंच मोकळं ठेवलंस, रोज त्या नाण्याला गंध लावलंस, आणि कुणापाशी एक अवाक्षर काढलं नाहीस. मी दुकानातच खुर्चीत बसून राहिले. मोठमोठ्या शिल्पकारांनी घडवलेलं सोनं मी ह्या वर्षात खूप पाहिलं, पण असं काही पाहिलं नाही. मे महिन्यात तू मला विचारत नव्हतीस, सांगत होतीस, एवढं माझ्या आता डोक्यात शिरलंय. तोंडाने ते बोलवेना म्हणून माझ्या हातात दिलंस. म्हणून हे पत्र, आक्का. तुला कळवायला माझ्याकडे नवीन काहीच नाही. मी साल वाचलं, एवढंच कळवायचं होतं. आता चिपळूणच्या घरातल्या ते माहीत असलेल्या आपण दोघी आहोत.

तुझीच,
विभा